फरशीखालचं न्हाणीघर

मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक इथल्या जुन्या हाउसिंग सोसायट्यांमधलं न्हाणीघर साधारण पाच बाय सहा फुटांचं असतं. काही इमारतींत चार बाय पाचची मोरी आणि तिला लागून तीन बाय चारचा वेगळा संडास. नॅशनल बिल्डिंग कोडनं नुसत्या न्हाणीघराला किमान १.८ चौरस मीटर आणि न्हाणीघर-संडास एकत्र असेल तर किमान २.८ चौरस मीटर जागा ठरवून दिली आहे. २.८ चौरस मीटर म्हणजे तीस चौरस फूट, म्हणजेच पाच बाय सहा. घरातल्या सगळ्यांत लहान खोल्यांपैकी ही एक, आणि घरातलं सगळ्यांत जास्त पाणी इथंच सांडतं. गरम पाणी, वाफ, वीज, साबण, मैला, ओली फरशी आणि रात्री झोपेतून उठून चाचपडत येणारं म्हातारं माणूस, हे सगळं या तीस चौरस फुटांत एकत्र येतं. ही खोली नव्यानं करायची वेळ आली की तिच्यासाठी दिवाणखान्यापेक्षा जास्त विचार करायला हवा.

प्रत्यक्षात विचाराची सुरुवात टाइल्सच्या दुकानात होते. घरातली मंडळी रविवारी दुकानात जातात, रंग आणि नक्षी पसंत करतात, नळ आणि शॉवर बघतात, आणि पैशांचा मोठा वाटा तिथंच ठरून जातो. वॉटरप्रूफिंगचं काय ते मिस्त्रीवर सोडलं जातं. हा क्रम उलटा करावा, असं माझं ठाम मत आहे. न्हाणीघर चांगलं की वाईट, हे फरशीच्या खाली ठरतं. टाइलचा रंग चुकला तर फार तर डोळ्यांना खुपेल. फरशीखालचं काम चुकलं तर दोन-चार वर्षांत खालच्या घरात पाणी ठिबकायला लागेल, आणि मग ती महागडी टाइलही फोडावी लागेल.

प्रश्न फार जुना आहे. मोहेंजो-दडोच्या घरांमध्ये साडेचार हजार वर्षांपूर्वी न्हाण्याच्या जागेची जमीन विटा एकमेकींना घट्ट भिडवून केलेली असे. तिला एका बाजूला उतार दिलेला असे आणि तिथून पाणी भिंतीबाहेर, रस्त्याकडेच्या गटारात जाई. तिथल्या प्रसिद्ध महास्नानगृहाचा हौद सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि २.४ मीटर खोल आहे. त्याच्या विटा जिप्समच्या गाऱ्यात बसवलेल्या आहेत आणि पाणी मुरू नये म्हणून डांबराचा थर दिलेला आहे. घट्ट सांधे, नेमका उतार आणि पाणी अडवणारा थर. आजच्या न्हाणीघराला याच तीन गोष्टी लागतात. फरक एवढाच की मोहेंजो-दडोच्या न्हाणीखाली जमीन होती आणि आपल्या न्हाणीघराखाली शेजाऱ्याचं घर आहे.

संकनमध्ये साठलेलं पाणी

फ्लॅटमधल्या न्हाणीघराचा स्लॅब इतर खोल्यांच्या स्लॅबपेक्षा आठ इंच ते एक फूट खाली घेतलेला असतो. मिस्त्री याला संकन म्हणतात. या खोलगट भागातून सांडपाण्याचे आणि संडासाचे पाइप आडवे नेतात, नहाणी ट्रॅप (गटारातला वास अडवणारा वाकडा पाइप) बसवतात, मग विटांचे तुकडे आणि सिमेंट-वाळूचा भराव घालून वर कोबा करतात आणि त्यावर फरशी लावतात. दिसायला रचना सोयीची आहे, कारण कुठलाही पाइप खालच्या घराच्या छताखाली लोंबत नाही. अडचण पुढं येते. फरशीच्या सांध्यांतून रोज थोडं थोडं पाणी खाली मुरतं. भरावातल्या विटा ते शोषून घेतात. त्या पाण्याला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून ते वर्षानुवर्षं तिथंच राहतं. मग ते स्लॅबमध्ये उतरतं, सळईपर्यंत पोचतं आणि सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, आतून जोर लावतो आणि काँक्रीट फोडतो. खालच्या घरात आधी छतावर पिवळसर डाग दिसतो, मग रंगाचे पोपडे निघतात, मग एखाद दिवशी प्लास्टरचा तुकडा खाली येतो. बाहेरच्या भिंतीला लोणा लागतो. वरच्या घरातल्या माणसाला यातलं काहीच दिसत नाही. त्याची फरशी कोरडी आणि चकचकीत असते.

भरावाचं वजनही ध्यानात घ्यावं. तीस चौरस फुटांच्या संकनमध्ये दहा इंच विटांचा भराव म्हणजे जवळजवळ सव्वा टन, आणि तो पाण्यानं भिजला की आणखी जास्त. म्हणून हल्ली काही ठिकाणी विटांऐवजी सिपोरेक्सचे, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांचे, तुकडे वापरतात. वजन निम्म्याहून कमी होतं. पण सिपोरेक्सही पाणी शोषतो, त्यामुळे खालचा आणि वरचा असे दोन्ही जलरोधक थर नीट झाले असतील तरच त्याचा उपयोग.

जुन्या फरशीवरच नवी फरशी चिकटवा, तोडफोड वाचेल, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. खालच्या घराचं छत ठणठणीत कोरडं असेल, पाइप अलीकडे बदललेले असतील आणि जुनी फरशी हातोडीच्या दांड्यानं ठोकल्यावर कुठंही पोकळ वाजत नसेल, तर हा मार्ग चालू शकतो. गळती असेल तर मुळीच नाही. वरच्या नव्या फरशीमुळे खालचं पाणी थांबत नाही. ते फक्त आणखी काही वर्षं लपून राहतं. शिवाय फरशीची पातळी दीड-दोन सेंटिमीटरनं वर येते, उंबऱ्याचा अडथळा संपतो आणि न्हाणीघरातलं पाणी पॅसेजमध्ये यायला लागतं. पंचवीस-तीस वर्षं जुन्या इमारतीत न्हाणीघर करायचंच असेल तर ते स्लॅबपर्यंत उकरावं.

उकरल्यावर काय निघेल ते आधी सांगता येत नाही, आणि म्हणूनच खर्चात थोडी रक्कम बाजूला ठेवावी लागते. नळाचे पाइप जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे, असतील तर ते आतून गंजून निम्मे बुजलेले सापडतात. शॉवरला जोर नाही ही तक्रार पुष्कळदा टाकीमुळे नसते, या गंजामुळे असते. मैल्याचे पाइप जुन्या इमारतींत बिडाचे असतात आणि त्यांचे सांधे सुटलेले असतात. आता थंड पाण्याला यूपीव्हीसी आणि गरम पाण्याला सीपीव्हीसी पाइप वापरतात. सीपीव्हीसी सुमारे ९३ अंश सेल्सिअसपर्यंतचं पाणी सहन करतो, यूपीव्हीसी करत नाही. गीझरच्या लाइनला चुकून साधा पाइप जोडला गेला तर तो मऊ पडून सांध्यात गळतो आणि ती गळती भिंतीच्या आत होते. पाइप भिंतीत बुजवण्याआधी सगळी तोंडं बंद करून हातपंपानं दाब द्यावा आणि दाबमापकाचा काटा खाली येतो का ते एक दिवसभर पाहावं. प्लंबर या चाचणीला कधीकधी कंटाळा करतात. ती झाल्याशिवाय गवंड्याला भिंतीला हात लावू देऊ नये.

कमोड कुठं, ट्रॅप कुठं

जागा लहान म्हणून कमोड, बेसिन, शॉवर सगळ्यांच्या जागा बदलून पाहण्याचा मोह होतो. बेसिन हलवायला हरकत नाही. त्याचा पाइप बारीक असतो आणि त्यातून फक्त पाणी जातं. कमोड मात्र शक्यतो होता त्याच भिंतीला ठेवावा. मैल्याच्या चार इंची पाइपला चाळीस ते साठ फुटांमागं एक फूट उतार लागतो, आणि संकनची खोली ठरलेली असते. कमोड बाहेरच्या उभ्या पाइपपासून जितका लांब जाईल आणि वाटेत जितकी वळणं येतील तितकी तुंबण्याची शक्यता वाढते. हा उतार मिळवण्यासाठी काही जण न्हाणीघराची फरशीच उंच करतात आणि दारात एक पायरी तयार होते. साठीच्या पुढच्या माणसासाठी ओल्या जागेतली ती पायरी म्हणजे मांडीचं हाड मोडण्याची सोय आहे. हे कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणावं.

भारतीय पद्धतीचा संडास काढून कमोड बसवताना एक चूक वारंवार होते. भारतीय भांड्याला स्वतःचा ट्रॅप नसतो. तो खाली संकनमध्ये वेगळा बसवलेला असतो. कमोडमध्ये ट्रॅप घडवलेलाच असतो. जुना ट्रॅप तसाच ठेवून त्यावर कमोड बसवला की एकापाठोपाठ एक दोन ट्रॅप होतात, मध्ये हवा अडकते, आणि फ्लश कितीही जोरात सोडला तरी भांडं नीट साफ होत नाही. कमोडच्या कंपनीला दोष देण्याआधी प्लंबरनं जुना ट्रॅप काढला होता का, हे विचारावं.

ट्रॅपचं काम समजून घेतलं की पुढचे पुष्कळ घोटाळे टळतात. लंडनमधला घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यानं १७७५ साली फ्लशच्या संडासाचं पेटंट घेतलं. त्यात इंग्रजी एस अक्षरासारखा वाकवलेला पाइप होता. त्या वाकात थोडं पाणी कायम साठून राहतं आणि गटारातली हवा वर येऊ देत नाही. फ्लशच्या यंत्रणा पुढं कितीतरी बदलल्या, पण हा पाण्याचा अडसर तसाच राहिला. आजच्या नहाणी ट्रॅपमध्ये किमान ५० मिलिमीटर पाणी उभं राहायला हवं. स्वस्तातले उथळ ट्रॅप घेतले तर हे पाणी लवकर आटतं आणि वास व झुरळं एकदमच येतात. मे महिन्यात महिनाभर गावी जाऊन आल्यावर न्हाणीघरात जो वास कोंडलेला असतो, तो बहुधा याच कारणानं असतो. जाण्याआधी ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी आणि वर चमचाभर खाद्यतेल टाकलं तर पाणी आटत नाही. वॉशिंग मशिन न्हाणीघरात ठेवायचं असेल तर त्याच्या पाण्याचा निचरा आत्ताच ठरवावा, कारण मशिन एकदम जोरात पाणी सोडतं आणि लहान ट्रॅपमधून ते वर उसळतं.

भिंतीवर टांगायचा कमोड आणि भिंतीत लपवलेली टाकी यांचं सध्या आकर्षण आहे. लहान न्हाणीघरात त्याचा खरा फायदा असा की खालची फरशी मोकळी राहते, ती सहज धुता येते, आणि भांडं पुढं कमी येतं. पण चार इंची भिंत खोदून त्यात टाकी बसवू नये, भिंत फाटते. लोखंडी चौकट उभी करून तिच्यापुढं पातळ भिंत घ्यावी लागते आणि त्यात पाऊण फूट जागा जाऊ शकते. मग वाचलेली जागा परत गेली. फ्लशची टाकी कोणतीही घेतली तरी ती ३ आणि ६ लिटरची दुहेरी बटणाची असावी. जुन्या टाक्या दर वेळी दहा लिटर सोडत. टँकरवर दिवस काढणाऱ्या सोसायटीत हा फरक मोठा आहे. कमोडच्या मध्यापासून बाजूच्या भिंतीपर्यंत किमान सव्वा फूट आणि समोर दोन फूट मोकळं अंतर नसेल, तर बसताना-उठताना खांदे आणि गुडघे आपटतात. ही मापं कागदावर नुसती लिहून भागत नाही. खडूनं जमिनीवर आखावीत आणि तिथं स्टूल ठेवून बसून पाहावं.

पाणी भरून ठेवा

आता सगळ्यांत महत्त्वाचं काम. भराव काढल्यावर स्लॅब उघडा पडतो. गंजलेली सळई दिसली तर आधी ती घासून तिच्यावर गंजरोधक लेप द्यावा आणि फुटलेला भाग पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटनं भरून घ्यावा. त्यानंतर पाइप जिथं जिथं भिंतीतून बाहेर जातो तिथली भोकं न आकसणाऱ्या ग्राउटनं बंद करावीत. गळती क्वचितच फरशीच्या मधोमध होते. ती पाइपच्या कडेनं, ट्रॅपच्या गळ्याशी आणि जमीन-भिंतीच्या कोपऱ्यात होते, कारण तिथं दोन वेगळे पदार्थ भेटतात आणि ऊन-थंडीनं वेगवेगळे आकसतात-फुगतात. म्हणून जमीन आणि भिंत यांच्या कोपऱ्यात सिमेंटचा गोलसर वाटा करतात. काटकोनात लेप चिरतो, वाट्यावर तो सलग बसतो.

यानंतर जलरोधक लेपाचे दोन हात. पहिला हात आडवा, तो वाळल्यावर दुसरा उभा, म्हणजे ब्रशच्या एका हातात राहिलेली बारीक छिद्रं दुसऱ्यात बुजतात. लेप जमिनीवर आणि भिंतीवर किमान एक फूट वर घ्यावा. शॉवर किंवा आंघोळीच्या बाजूला तो माणसाच्या उंचीपर्यंत न्यावा. बरेच मिस्त्री सिमेंटमध्ये द्रवाची बाटली ओतून कोबा करतात आणि काम झालं म्हणतात. तेवढ्यावर विसंबू नये. आणि एक थर पुरत नाही. एक थर उघड्या स्लॅबवर, दुसरा भराव आणि कोबा झाल्यावर फरशीच्या लगेच खाली. वरचा थर पाणी संकनमध्ये जाऊच देत नाही. कधी तो फाटलाच तर खालचा थर स्लॅबला वाचवतो. याच वेळी संकनच्या तळातून बाहेर काढलेला एक बारीक पाइपही ठेवावा. आत पाणी साठलं तर ते बाहेर पडेल आणि त्या पाइपमधून थेंब दिसला की आतलं काहीतरी बिघडलं हे वेळेवर कळेल. हा पाइप अगदी स्वस्तात बसतो, आणि तो बसवलेली न्हाणीघरं मी फार थोडी पाहिली आहेत.

लेप वाळला की ट्रॅपची तोंडं बंद करायची, दारात विटा-सिमेंटचा तात्पुरता बांध घालायचा आणि दोन-तीन इंच पाणी भरून ठेवायचं. किमान ४८ तास, जमलं तर ७२. पातळीची खूण भिंतीवर पेन्सिलनं करावी. मे महिन्यात थोडं पाणी उन्हाळ्यानं कमी होतं, त्यामुळे एका बादलीत तेवढंच पाणी शेजारी ठेवून तुलना करावी. पण खरी तपासणी खालच्या घरात होते. खालच्या काकूंना आधी सांगून ठेवावं, रोज सकाळ-संध्याकाळ त्यांच्या न्हाणीघराचं छत स्वतः जाऊन पाहावं, आणि पहिल्या दिवशीच त्या छताचे फोटो काढून ठेवावेत. स्लॅबवरच्या लेपानंतर एकदा आणि फरशीखालच्या लेपानंतर पुन्हा एकदा, अशी ही चाचणी दोनदा करावी. या चाचण्यांसाठी काम आठवडाभर रेंगाळतं आणि कंत्राटदाराची माणसं दुसऱ्या साइटवर जातात. तरीही थांबावं.

फरशी आणि ढाळ

आंघोळीचं पाणी ट्रॅपकडे आपसूक वाहायला हवं. त्यासाठी फुटाला ३ ते ४ मिलिमीटर ढाळ लागतो, म्हणजे सहा फुटांच्या न्हाणीघरात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण दोन सेंटिमीटर. यापेक्षा कमी दिला तर डबकी साचतात. जास्त दिला तर बादली आणि स्टूल तिरपं होतं. आणि संपूर्ण न्हाणीघराची पातळी बाहेरच्या खोलीपेक्षा अर्धा-पाऊण इंच खाली हवी.

टाइलच्या मापाचा संबंध इथं येतो, दुकानातल्या दिव्याखाली तो लक्षात येत नाही. मोठी दोन बाय दोनची टाइल ताठ असते. चारही बाजूंनी एका बिंदूकडे उतार द्यायचा तर ती कापावी लागते आणि कडा वर-खाली होतात. जमिनीला एक बाय एकची टाइल घ्यावी. मोठीच हवी असेल तर भिंतीलगत लांबट जाळी बसवून उतार एकाच दिशेला द्यावा. भिंतीची सिरॅमिक टाइल पाणी बरंच शोषते, तिच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त. चांगली व्हिट्रिफाइड टाइल अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी. म्हणून जमिनीला व्हिट्रिफाइडच घ्यावी, पण ती पाणी शोषत नसल्यानं साध्या सिमेंटच्या घोळात धरत नाही. तिला पॉलिमरचं ॲडेसिव्ह लागतं आणि ते टाइलच्या पूर्ण पाठीवर दातेरी थापीनं पसरावं लागतं. चार कोपऱ्यांत चार गोळे ठेवून दाबलेली टाइल मधून पोकळ राहते आणि त्या पोकळीत पाणी साठतं. पृष्ठभाग खडबडीत, मॅट हवा. दुकानात टाइलवर पाणी टाकून अनवाणी पाय फिरवून बघितला की काय ते कळतं. सांध्यांना इपॉक्सी ग्राउट महाग पडतं, पण ते पाणी आणि साबण आत घेत नाही. या जागी केलेला खर्च मला सगळ्यांत योग्य वाटतो.

जुन्या मोऱ्यांमध्ये शहाबादी किंवा कडप्पा असे. दोन्ही चुनखडीचे दगड. शहाबादी कर्नाटकातल्या शहाबादची, कडप्पा आंध्रातला. टिकाऊ, स्वस्त आणि पायाला खरखरीत. ॲसिडनं मात्र ते खाऊन जातात, आणि सिमेंटचे सांधेही. बोअरवेलच्या क्षारयुक्त पाण्याचे पांढरे डाग घालवायला आपल्याकडे सर्रास बाटलीतलं ॲसिड ओततात. त्यानं डाग जातो आणि सांधाही जातो. त्याऐवजी पाण्यात मिसळलेलं व्हिनेगर थोडा वेळ ठेवून लगेच भरपूर पाण्यानं धुवावं, आणि दगडावर तेही वापरू नये.

भिंतीत शांपू-साबणासाठी कोनाडा केला तर लहान जागेत फार सोय होते. तो नऊ इंची भिंतीतच करावा, आतूनही जलरोधक लेप द्यावा आणि तळाला बाहेरच्या बाजूला किंचित उतार ठेवावा. आरसा मोठा, टाइल फिक्या रंगाची, एवढं केलं की खोली मोकळी वाटते. काचेची उभी भिंत घालून ओली आणि कोरडी बाजू वेगळी करणं मोठ्या न्हाणीघरात छान. पाच बाय सहात ती कोपराला लागत राहते आणि बादलीनं आंघोळ करणाऱ्या घरात तिचा काही उपयोग नाही. तिथं पडदा पुरतो.

वीज, वायू आणि हवा

२ किलोवॉटचा गीझर जवळजवळ ९ अँपिअर प्रवाह ओढतो आणि ३ किलोवॉटचा लहान, झटपट तापणारा गीझर १३. त्याला स्वतंत्र लाइन, १६ अँपिअरचा पॉइंट आणि ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घालून घ्यावी. बटण दाराबाहेर. मुख्य फलकावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर न्हाणीघराच्या आधी तो बसवावा. अंगातून प्रवाह गळायला लागला की हे उपकरण क्षणार्धात वीज तोडतं. साधा एमसीबी हे काम करत नाही, तो फक्त वायर जळू देत नाही. २५ लिटरचा गीझर पाण्यानं भरला की पस्तीस किलोच्या पुढं जातो, म्हणून तो चार इंची भिंतीवर साध्या प्लगांनी टांगू नये आणि डोक्याच्या नेमका वर तर नकोच.

गॅस गीझर न्हाणीघराच्या आत लावू नये. बंद दाराआड ज्योत जळते तेव्हा खोलीतला प्राणवायू कमी होत जातो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार व्हायला लागतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस बेशुद्ध पडतो आणि दार आतून बंद असल्यानं कुणाला कळत नाही. दर हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांत येतात आणि त्यांत नवविवाहित जोडपी, शाळकरी मुलं असतात. गॅस गीझर वापरायचाच असेल तर तो उघड्या बाल्कनीत बसवावा आणि पाण्याचा पाइप आत आणावा.

एक्झॉस्ट पंखा सहा इंची पुरतो, पण हवा बाहेर काढायची तर आत यायलाही हवी. दाराखाली अर्धा इंच फट ठेवावी. दार बंद केल्यावर ती फट नसेल तर पंखा नुसता फिरत राहतो.

घरात वयस्क माणूस असो की नसो, कमोडच्या बाजूला आणि आंघोळीच्या जागी आधाराचे दांडे आत्ताच बसवून घ्यावेत, जमिनीपासून ८० ते ९० सेंटिमीटरवर. टॉवेलचा दांडा हा आधाराचा दांडा नव्हे. तोल गेला की माणूस त्यालाच धरतो आणि तो भिंतीतून निघून येतो. आधाराच्या दांड्याला पूर्ण शरीराचं वजन पेलायचं असतं, म्हणून टाइल लावण्याआधी त्या जागी भिंत भक्कम करून घ्यावी लागते. दार बाहेर उघडणारं हवं. आत पडलेला माणूस दाराला अडकून राहिला तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही, आणि मदत पोचायला उशीर होतो. कडीही बाहेरून नाण्यानं उघडता येईल अशी मिळते.

सोसायटीचं पत्र आणि शेवटचा हप्ता

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार फ्लॅटमध्ये असे बदल करण्याआधी कमिटीची लेखी परवानगी लागते. पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपची गळती सोसायटीनं दुरुस्त करायची. घरातल्या न्हाणीघर-संडासामुळे होणारी गळती त्या सभासदानं स्वतःच्या खर्चानं. न्हाणीघर सरकवून बेडरूमच्या किंवा स्वयंपाकघराच्या जागी नेण्याचा विचार मात्र सोडून द्यावा. खाली कुणाचं तरी स्वयंपाकघर किंवा देवघर असतं, आणि नियमांनाही ते धरून नसतं. राडारोडा गोण्यांत भरून महापालिकेनं ठरवलेल्या जागी पाठवावा. तो नाल्याकाठी टाकणाऱ्या टेम्पोवाल्याला काम देऊ नये.

घरात एकच न्हाणीघर असेल तर साधारण तीन आठवडे शेजारी किंवा नातेवाइकांकडे सोय करावी लागते. ती आधीच नीट ठरवावी, कारण "आंघोळीची अडचण होतेय, लवकर उरका" हे वाक्य घरातूनच निघालं की पाणी भरून ठेवण्याची चाचणी सगळ्यांत आधी कापली जाते.

कंत्राटदाराशी बोलताना टाइलचा भाव ठरवण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात: पाइपची दाबाची चाचणी, दोन्ही थरांनंतर ४८ तास पाणी भरून ठेवणं, आणि खालच्या घराचं छत कोरडं असल्याची खात्री झाल्यावरच शेवटचा हप्ता. भिंती बंद होण्याआधी प्रत्येक भिंतीवर मोजपट्टी धरून पाइपांचे फोटो काढावेत. उद्या आरसा लावताना ड्रिल कुठं मारायचं नाही ते त्यावरून कळेल, आणि घर विकलंत तर ते फोटो नव्या मालकाला द्या.